आधी मागच्या बाकावर बसू द्या

आपल्या रविवारच्या मराठी वर्गात एक रीत पडून गेली आहे. मोठ्या गटातली मुलगी बऱ्यापैकी लिहू-वाचू लागली, की पुढच्या सत्रात तिच्या हातात अक्षरांचे तक्ते द्यायचे आणि तिला लहान गटापुढे उभे करायचे. आम्ही तिघीही अशाच ‘छोट्या ताई’ झालो. शिकवायचे कसे, ते कुणी सांगितले नाही आणि खरे सांगायचे तर आम्हीही विचारले नाही. ही रीत बदलावी असे आता आम्हाला वाटते.

निमित्त असे झाले. आमच्यातली थोरली कॉलेजात शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम करते. तिथे वर्गावर उभे राहण्याआधी एखाद्या प्राथमिक शाळेत मागे बसून नुसते बघावे लागते. तिला दुसरीचा वर्ग मिळाला. शिकवायचे नाही, मध्ये बोलायचे नाही, फक्त वहीत टिपायचे. पहिल्या दिवशी तिला वाटले, दुसरी तर आपणही केली आहे, यात बघायचे काय? त्या दिवशी वहीत चारच ओळी होत्या. पंधरा दिवसांनी तिला दुसरी वही आणावी लागली.

त्या बाई आवाज चढवत नाहीत. गलका वाढला की टाळ्यांचा एक ताल वाजवतात, मुले तोच ताल परत वाजवतात आणि वर्ग शांत होतो. मुलांची नावे आइस्क्रीमच्या काड्यांवर लिहून पेल्यात ठेवली आहेत. ज्याची काडी निघेल त्याने बोलायचे, त्यामुळे नेहमी हात वर करणारी तीन-चार मुलेच सगळा तास खात नाहीत. काडी काढण्याआधी प्रत्येकाने आपले उत्तर शेजाऱ्याला सांगून बघायचे, म्हणजे लाजऱ्या मुलाचीही एकदा तालीम झालेली असते. (चांगल्या उत्तराला स्टिकर देण्याची पद्धत मात्र आम्हाला पटली नाही. मुले उत्तरापेक्षा स्टिकरकडेच जास्त बघतात.)

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारला की त्या बाई गप्प बसतात. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने शेकडो तासांच्या ध्वनिफिती तपासून १९७४ साली दाखवून दिले होते, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले, तर मुले लांब उत्तरे देतात, ‘माहीत नाही’ कमी होते आणि ज्यांना कच्चे समजले जाते तीही बोलू लागतात.

हे कळल्यावर पुढच्या रविवारी आम्ही घड्याळ घेऊन आपल्याच लहान गटात पाळीपाळीने मागे बसलो. निकाल सांगायला लाज वाटते. आम्ही दोन सेकंदही थांबत नव्हतो! वर आमची एक खास खोड निघाली. मूल गप्प राहिले की आम्ही लगेच तोच प्रश्न इंग्रजीत विचारत होतो. मग मुलाने मराठीत उत्तर शोधायचे कशाला? थोडा वेळ गप्प राहिले की इंग्रजी येतेच, हे त्यांना आमच्याआधी कळले होते.

लहान गटात एक मुलगा आहे. सबंध सत्र तो एक शब्द बोलला नव्हता. त्याच्या नावापुढे ‘मराठी समजत नाही’ असा शेरा आम्हीच लिहिला होता. “पाऊस पडला की अंगणात काय होतं?” असे विचारून आम्ही मनात सावकाश पाच आकडे मोजले. चारपर्यंत काही नाही. पाचाला तो म्हणाला, “चिखल.” मग जरा थांबून, “आजी ओरडते.” शेरा आम्ही खोडला, पण असे शेरे लागलेली किती मुले आजवर आपला वर्ग सोडून गेली असतील, हा विचार काही जात नाही.

बघून शिकणे ही काही इकडची नवी टूम नव्हे. आपल्या शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या सिंथिया फरार १८२७ साली शिक्षिका म्हणून मुंबईला गेल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींची शाळा चालवू लागल्या. ती शाळा जोतीराव फुल्यांनी स्वतः जाऊन पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे शिक्षिकेचे धडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. एवढी मोठी माणसे आधी दुसऱ्याचा वर्ग बघायला गेली, मग आम्हाला थेट फळ्यापुढे उभे करण्याची घाई कशाला?

काही काका-मावशी म्हणतील, “अगं, आठवड्याला मिळतात दोन तास. शिकवायलाच माणसे पुरत नाहीत, त्यात तुम्ही मागे बसणार?” अडचण खरी आहे, पण आमची मागणी फार नाही. नव्या ताई-दादाला पहिले तीन रविवार फक्त बघू द्यावे. तीन रविवार म्हणजे सहा तास. आम्ही न बघता शिकवले त्यात याहून कितीतरी जास्त तास वाया गेले आहेत. आणि जुन्या शिक्षकांनीही आपल्या वर्गात कुणी वही घेऊन बसले तर परीक्षा घेतल्यासारखे मानू नये. आम्हाला चुका काढायच्या नाहीत. तुम्ही अवघड मुलाला कसे बोलते करता, ते आम्हाला बघायचे आहे.

कुणाच्या वर्गात कधी बसता येईल याची यादी दाराजवळच्या फळ्यावर लावली आहे. दोन काका आणि एका मावशींनी नावे घातली. मोठ्या गटाच्या ताईंची जागा अजून रिकामी आहे. आम्ही थांबलो आहोत. पाचाच्या पुढेही मोजू.