तुम्ही कुणाचे?

पुण्यात शास्त्रीय संगीताच्या 'सवाई' महोत्सवाच्या मंडपात भारतीय बैठकीवर शेजारी बसलेला अनोळखी माणूस आडनाव विचारत नाही. चहाच्या वेळी तो विचारतो, 'तुम्ही कुणाचे?' 'कुमारांचा', 'किशोरीताईंची' एवढ्या उत्तरावर ओळख पुरी होते. कुमार गंधर्व १९९२ मध्ये गेले, भीमसेन जोशी २०११ मध्ये, किशोरी आमोणकर २०१७ मध्ये. तरी त्यांची माणसं आजही त्यांचीच आहेत.

हे आपलेपण नुसत्या आवडीतून येत नाही. ते दाद देण्यातून येतं, आणि दाद द्यायला माणूस शेजाऱ्याकडून शिकतो. समेची वाट कशी बघायची हे मला घरी कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांची मान कधी हलते, हे बघत बघत ते अंगात भिनलं. भीमसेनजींच्या तानेला अख्खा मंडप उसळून दाद द्यायचा. किशोरीताईंच्या मैफलीत मात्र ओठांवर आलेली 'वाहवा' गिळावी लागे. तानपुरे मनासारखे लागेपर्यंत त्या थांबत, श्रोतेही थांबत, आणि त्या थांबण्याचा त्यांना अभिमान असे. एकाच गावात वाढलेल्या श्रोत्यांच्या या दोन रीती.

कुमारांच्या माणसांचं आणखी वेगळं. क्षयामुळे देवासला काही वर्षं गाणं बंद ठेवावं लागलेला हा गायक परतला तो स्वतःची वाट घेऊन. घराण्याची शिस्त मानणाऱ्यांना ती रुचली नाही. कुमारांवर जीव असणाऱ्यांना त्यांची बाजू घरीदारी लढवावी लागली. त्या भांडणांतून जुळलेली मैत्री मी जवळून पाहिली आहे. वर्षभर पत्र नाही, फोन नाही, पण दुखण्याखुपण्यात पहिला दारात उभा राहणारा हाच मित्र.

या निष्ठेतली एक गोष्ट मला सलते. नव्या मुलीचा मारवा सुरू झाला की 'आमच्यानंतर काय उरलंय' म्हणत उठणारे असतात. त्यात भीमसेनजींची माणसंही असतात, याचं जास्त वाईट वाटतं. १९५३ मध्ये गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ हा महोत्सव भीमसेनजींनीच उभा केला, आणि त्याच मंचावर नव्या गायकांना बसवलं. गेल्या खेपेला मी अशाच एका काकांचा हात धरला, 'दहा मिनिटं बसा' म्हटलं. ते नाइलाजाने बसले. द्रुत संपल्यावर त्यांनी विचारलं, 'हिचं पुढचं गाणं कुठे आहे?'