येडशीच्या डोंगरातला वाघ

आमच्या मराठवाड्यात 'वाघ' हा शब्द फार सैल वापरतात. बिबट्या दिसला तरी वाघ, अंधारात तरस आडवे गेले तरी वाघच. त्यामुळे गुराख्याने "वाघ बघितला" म्हटले की गावातले शहाणे हसतात.

डिसेंबर २०२४ मध्ये मात्र हसणाऱ्यांची पंचाईत झाली. धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात वनखात्याने लावलेल्या कॅमेऱ्यात खराखुरा पट्टेरी वाघ आला. कित्येक दशकांत इकडे वाघाचा पत्ता नव्हता. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, जसे आपल्या अंगठ्याचे ठसे. ते जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले, तेव्हा हा तरुण नर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा निघाला. सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोमीटर तो चालत आला होता, तोही रस्ते, नद्या, उसाचे फड ओलांडून! टिपेश्वरच्याच आणखी एका वाघाने २०१९ मध्ये गळ्यातल्या रेडिओ-पट्ट्यासह सुमारे १३०० किलोमीटरची भटकंती करून बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य गाठले होते. तरुण नराला स्वतःचा मुलूख हवा असतो आणि जोडीदारीणही. येडशीचे रान जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचे, आणि वाघीण तर नाहीच.

गुराख्याच्या शब्दाला किंमत नसते, मग कोणाच्या शब्दाला असते? रानपिंगळ्याची गोष्ट ऐका. हा खानदेशातला लहानसा घुबडवर्गीय पक्षी. १८८४ नंतर तो कोणाला मिळालाच नाही. सलीम अलींसारख्या जाणत्यांनी शोधूनही सापडला नाही. मधल्या काळात माईनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज कर्नलाने आपण तो १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवीला मिळवल्याचे लिहून ठेवले होते. एवढा मोठा साहेब, कोण शंका घेणार? पण पुढे उघड झाले की साहेबाने संग्रहालयातलाच जुना नमुना चोरून, पुन्हा पेंढा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी ती खोटी नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सोबत्यांसह शहाद्याजवळ रानपिंगळा शोधून काढला. हा पक्षी दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसतो. तिथल्या आदिवासी बांधवांच्या डोळ्यांसमोरून तो शंभर वर्षे कधी गेलाच नसेल, असे आम्हांस तरी वाटत नाही. त्यांना विचारले किती जणांनी?

असो. आपल्या वाघाकडे येऊ. जानेवारी २०२५ मध्ये त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचे ठरले. पथके आली, महिनोन्‌महिने फिरली, वाघ काही हाती लागला नाही. तो जनावरे मारू लागला आणि माणसे धास्तावली. ही धास्ती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. बंगल्यात राहणाऱ्याला वाघ ही बातमी असते. वीज रात्रीची म्हणून रात्रीच दारे धरायला जाणाऱ्या सालगड्याला, सरपणाला जाणाऱ्या आयाबहिणींना तो प्राणाशी गाठ असतो. जनावर मेले तर भरपाई मालकाला मिळते. राखणाऱ्याचा रोज बुडाला त्याचे काय, हे कोणत्याच कागदावर लिहिलेले नसते.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे. जनावर मारले गेले तर ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवावे; १९२६ या क्रमांकावरही सांगता येते. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागचे हलवू नये, नाहीतर भरपाईचा दावा लटकतो. पंचनाम्यात काय लिहिले ते वाचून घ्यावे, स्वतःला येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या पोरीकडून वाचून घ्यावे, आणि मगच सही करावी. चिखलात ठसा दिसला तर त्यावर घमेले पालथे घालून ठेवावे, म्हणजे वनरक्षक येईपर्यंत तो मोडत नाही.