बागही राहावी, मांजरही राहावे

(घराजवळच्या बागेत शेजारची मांजरे शिरतात. त्यांना कसे थांबवावे? या पाठात लेखकाने स्वतःच्या अनुभवावरून या प्रश्नाबद्दल आपले मत मांडले आहे.)



तुम्ही सकाळी उठून मोठ्या आशेने अंगणात जाता. आदल्या दिवशी तुम्ही मेथी पेरलेली असते. वाफा छान सारखा केलेला असतो. आणि पाहता तो काय! माती उकरलेली, बी इकडेतिकडे उडालेले आणि सगळीकडे घाण वास. कुंपणावर मांजर बसलेले असते. जणू काही झालेच नाही, अशा थाटात ते डोळे मिटून ऊन खात असते. अशा वेळी राग येणारच. मलाही येतो. पण रागाच्या भरात आपण काय करतो, तेथेच आपली खरी परीक्षा असते.

या परीक्षेत मी एकदा नापास झालो आहे. ती गोष्ट आधी सांगतो.

माझे बालपण साताऱ्याला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गेले. आमचे घर कौलारू होते. घरामागच्या मोकळ्या जागेत वडील भाजीपाला लावत. एक करड्या रंगाची मांजरी रोज वाफे उकरी. एके दिवशी मी आणि माझ्या भावाने तिला पोत्यात घातले. सायकलवरून माहुलीला नेले आणि कृष्णा-वेण्णा नद्यांच्या संगमाजवळ सोडून दिले. आम्ही तिला मारले नव्हते. त्यामुळे आपण फार दया दाखवली, असे आम्हांला वाटले.

दुसऱ्या रात्री माळ्यावरून बारीक आवाज येऊ लागला. आईने शिडी लावली. जळणाच्या लाकडांमागे तीन पिल्ले होती. त्यांचे डोळेही उघडले नव्हते. आई आम्हांला काहीच बोलली नाही. तिने कापसाचा बोळा दुधात बुडवून पिल्लांच्या तोंडाला लावला. आम्ही पुन्हा माहुलीला गेलो. घाटावर आणि देवळांच्या आसपास खूप शोधले. मांजरी सापडली नाही. आठवड्याभरात तिन्ही पिल्ले गेली. आणि पंधरा दिवसांनी एक दुसराच बोका आमच्या वाफ्यात माती उकरत होता!

आता मी सांगलीला राहतो. कृष्णा येथेही आहे आणि मांजरेही आहेत. माझ्या बागेत मांजरे येऊ लागली, तेव्हा एका शेजाऱ्याने सल्ला दिला, “पोत्यात घाला आणि आयर्विन पुलापलीकडे, सांगलीवाडीत सोडून या.” मी हात जोडले. पलीकडच्या लोकांनीही हाच उपाय केला, तर दोन्हीकडची मांजरे पुलावरून नुसती ये-जा करत राहतील!

माझे मत असे आहे की, मांजर दूर नेऊन सोडणे ही दया नाही आणि तो उपायही नाही. मांजर बागेत येते, कारण तेथे त्याला काहीतरी मिळते. ते कारण तसेच राहिले, तर एक मांजर गेल्यावर त्याच्या जागी दुसरे येते. नेलेले मांजर मात्र अनोळखी जागी उपाशी फिरते.

मराठीत मांजराला ‘वाघाची मावशी’ म्हणतात. उर्दूतही ते ‘शेर की खाला’च आहे. या मावशीच्या एका भाच्याने, म्हणजे बिबट्याने, आपल्याला हाच धडा शिकवला आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात अनेक बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. बिबटे हलवल्यामुळे माणसांवरील हल्ले कमी न होता उलट वाढले, असे त्यांना दिसून आले. आपल्या कराड, शिराळा भागात ऊस तोडताना कधी कधी बिबट्याची पिल्ले सापडतात. वनखात्याचे लोक ती पिल्ले दूर नेत नाहीत. जेथे सापडली तेथेच ती जपून ठेवतात आणि रात्री त्यांची आई त्यांना घेऊन जाते. बिबट्याच्या पिल्लांसाठी आपण एवढा विचार करतो. मग मांजराच्या पिल्लांसाठी का करू नये?

मग बाग कशी वाचवावी? मांजर बदलता येत नाही, पण बाग बदलता येते.

मांजराला कोरडी, भुसभुशीत माती आवडते. तेथे ते खड्डा करते आणि विधी उरकून त्यावर माती ओढते. म्हणून बी पेरले की वाफ्यावर तुराट्या आडव्या-उभ्या ठेवाव्यात. चार-चार बोटांवर चौकोन झाले की मांजराला उकरायला जागा राहत नाही. रोपे मात्र चौकोनांतून सहज वर येतात. तारेची जाळी अंथरली तरी चालते. कुंड्यांतील मातीवर नदीतले गोटे किंवा फुटक्या कौलांचे तुकडे पसरावेत. वाफा ओलसर ठेवावा. मासळीचे आणि मटणाचे टाकाऊ भाग उघड्यावर टाकू नयेत. कचऱ्याच्या डब्याला झाकण असावे. बागेच्या एका कोपऱ्यात थोडी कोरडी वाळू ठेवली, तर पुष्कळदा मांजर तेथेच जाऊ लागते. ती घाण रोज खुरप्याने काढावी आणि हात साबणाने धुवावेत. मांजराच्या विष्ठेतून माणसाला रोग होऊ शकतो. गरोदर स्त्रियांनी ते काम करू नये. बागेतली भाजी नेहमी स्वच्छ धुऊनच खावी.

काही गोष्टी मात्र कधीही करू नयेत. फिनेल आणि डांबरगोळ्या मांजराला विषारी असतात. उंदरांचे विषही बागेत टाकू नये, कारण विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर तेही मरू शकते. भिंतीवर काचा लावू नयेत. दगड मारू नयेत.

कोणी म्हणेल, “मांजर दुसऱ्याचे आणि त्रास मी का सोसावा?” हा प्रश्न बरोबर आहे. ज्याने मांजर पाळले, त्याचीही जबाबदारी आहेच. मांजरीला वर्षातून दोन-तीन वेळा पिल्ले होऊ शकतात. म्हणून पाळणाऱ्याने पशुवैद्याकडे नेऊन तिच्यावर निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करून घ्यावी. माझ्या शेजारच्या खालांना मी हे सांगितले. त्या आधी रागावल्या. मग आपल्या मांजरीला घेऊन दवाखान्यात गेल्या. आता त्यांची मांजरी माझ्या वाळूच्या कोपऱ्यात येते आणि माझी मेथी त्यांच्या घरी जाते.

मांजराचे उपकारही विसरू नयेत. सांगली हे हळद, गूळ आणि बेदाणा यांच्या व्यापाराचे गाव. जेथे गोदामे तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे मांजर. प्लेगच्या साथींच्या काळात, १९०८ च्या सुमारास, अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकनन यांनी घरोघरी मांजरे पाळावीत, असे सुचवले होते. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, म्हणून तो उपाय पुरेसा नव्हता. पण मांजराचे मोल त्यांनी ओळखले होते.

आपल्या वडीलधाऱ्यांनीही ते ओळखले होते. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे मराठी घरांतील आजीबाई सांगत. हजरत अबू हुरैरा यांचे नाव तर तुम्हांला माहीत आहेच. त्या नावाचा अर्थच ‘मांजराच्या पिल्लाचा पिता’ असा होतो. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवून उपाशी मारले आणि त्याबद्दल तिला शिक्षा झाली, ही हदीसही तुम्ही ऐकली असेल. कायदाही हेच सांगतो. प्राण्यांचा छळ रोखणारा कायदा १९६० साली झाला. १९७६ साली राज्यघटनेत मूलभूत कर्तव्ये आली. सर्व सजीवांबद्दल दया बाळगणे हे त्यांपैकी एक कर्तव्य आहे.

मित्रांनो, उकरलेला वाफा पुन्हा पेरता येतो. आठ दिवसांत मेथी पुन्हा उगवते. माळ्यावरची ती तीन पिल्ले मात्र मला परत आणता आली नाहीत. म्हणून तुम्हांला सांगतो, राग आला की पोते शोधू नका, तुराट्या शोधा.

शब्दार्थ
वाफा – भाजी लावण्यासाठी बांध घालून केलेला जमिनीचा लहान तुकडा
बोका – नर मांजर
माळा – छताखालची सामान ठेवण्याची जागा
तुराट्या – तुरीच्या वाळलेल्या काड्या
गोदाम – माल साठवण्याची जागा

स्वाध्याय
१. लेखकाला आपण दया दाखवली असे का वाटले? ते खरे होते का?
२. बिबट्याच्या उदाहरणातून लेखकाला काय सांगायचे आहे?
३. वाफ्यावर तुराट्या ठेवल्याने काय होते?
४. ‘मांजर बदलता येत नाही, पण बाग बदलता येते’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. मांजराबद्दलची एक मराठी आणि एक उर्दू म्हण घरी विचारून लिहा.