सिनेटने न उघडलेले पाकीट

राष्ट्राध्यक्षांवर भ्रष्टाचाराचे आरोप होतात, तेव्हा लोकप्रतिनिधींचीही कसोटी लागते. कॅथलिकबहुल फिलिपाइन्सने हा अनुभव २००० साली घेतला.

चित्रपट अभिनेते जोसेफ एस्त्रादा १९९८ साली गोरगरिबांच्या मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. संसदेत त्यांच्या आघाडीचे बहुमत होते. परंतु ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचेच जुने स्नेही, प्रांतिक गव्हर्नर लुईस सिंगसन, यांनी गौप्यस्फोट केला. ‘हुएतेंग’ या आपल्याकडील मटक्यासारख्या बेकायदा जुगारातील सुमारे ४० कोटी पेसो आपण राष्ट्राध्यक्षांना पोहोचवले, असा त्यांचा आरोप होता. कार्डिनल हायमे सिन यांनी राजीनाम्याची मागणी केली.

मग आघाडीला गळती लागली. सभापती मॅन्युएल व्हिलार यांनी राष्ट्राध्यक्षांची साथ सोडली व १३ नोव्हेंबर रोजी महाभियोगाचे आरोपपत्र सिनेटकडे धाडले. त्यासाठी प्रतिनिधिगृहातील एक तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा पुरतो. दोषी ठरवण्यासाठी मात्र सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते लागतात. त्यामुळे मोजके निष्ठावंतही राष्ट्राध्यक्षांना तारू शकतात.

घडलेही तसेच. १६ जानेवारी २००१ रोजी बँकेच्या कागदपत्रांचे एक पाकीट उघडू नये, असा कौल सिनेटरांनी ११ विरुद्ध १० मतांनी दिला. सरकारपक्षाच्या नव्हे, तर अभियोग चालवणाऱ्या वकिलांनी सभात्याग केला. त्याच रात्री लोक मनिलातील एड्सा मार्गावर जमू लागले. लष्करानेही पाठिंबा काढला आणि २० जानेवारीला ग्लोरिया मॅकापगाल-अरोयो यांचा शपथविधी झाला.

न्यायनिवाडा सभागृहाने टाळला, म्हणून तो रस्त्यावर झाला. त्याची किंमतही मोजावी लागली. एस्त्रादा यांना अटक होताच त्यांना मते देणारे गरीब त्याच एड्सावर एकवटले आणि १ मे रोजी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर चालून गेले. आपल्या मताला मोल नाही, ही त्यांची वेदना होती. पहिल्या जमावाला आशीर्वाद देणाऱ्या ख्रिस्तसभेलाही ती अंतर्मुख करणारी होती.

पुढे २००५ पासून अरोयो यांच्यावरही महाभियोगाच्या तक्रारी आल्या. प्रतिनिधिगृहातील बहुमताने त्या फेटाळल्या. २००७ साली न्यायालयाने एस्त्रादा यांना दोषी ठरवले आणि अरोयो यांनी त्यांना माफी दिली.

घोटाळ्याने राष्ट्राध्यक्ष व संसद यांचे नाते शुद्ध होतेच असे नाही; पुष्कळदा केवळ पाठिंब्याचा भाव वाढतो. म्हणून मतदार बंधुभगिनींनो, प्रतिनिधी निवडताना एवढे अवश्य पारखावे: आपल्याच नेत्याविरुद्धचा पुरावा उघडून पाहण्याचे धैर्य त्याच्यापाशी आहे काय?