मंदीची चाळणी आणि मागच्या आकड्यांचा मोह

हाती नसलेला शेअर उसना घेऊन आधी विकावयाचा आणि भाव कोसळल्यावर तो स्वस्तात खरेदी करून परत करावयाचा, या व्यवहारास शॉर्ट सेलिंग म्हणतात. एके काळी हा दलाल स्ट्रीटवरील मोजक्या मंदीवाल्यांचा उद्योग होता. आता तो तालुक्याच्या गावातील बेकार पदवीधराच्या मोबाईलपर्यंत पोहोचला आहे. पडणाऱ्या शेअरांची एक चाळणी बनवावयाची, ती मागील दहा वर्षांच्या भावांवर लावून पाहावयाची आणि कागदावर दिसलेला नफा उद्याही मिळेल असे मानावयाचे, ही पद्धत ‘बॅकटेस्टिंग’ या भारदस्त नावाने शिकवणीवर्गांतून विकली जाते. तिच्या गिऱ्हाइकांत श्रमिक कुटुंबांतील मुलेही आहेत. म्हणूनच तिची झडती घेणे अगत्याचे आहे.

चाळणी ही कल्पना मुळात खुळचट नाही. हिशेबात फेरफार करणाऱ्या कंपन्या ओळखण्यासाठी अमेरिकेतील प्राध्यापक मेसोद बेनिश यांनी नव्वदच्या दशकात एक सूत्र बसविले. त्याच्या आधारे कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९९८ साली एन्रॉनच्या हिशेबांविषयी धोक्याची सूचना दिली होती. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनचे दिवाळे वाजले. जर्मनीत वायरकार्ड या कंपनीवर संशय घेणाऱ्या मंदीवाल्यांनाच तेथील नियंत्रकाने फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन महिने बंदी घातली. जून २०२० मध्ये कंपनीच्या हिशेबातील १९० कोटी युरो अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले. मंदीवाला तेवढा समाजद्रोही, हा भांडवलदारांचा कांगावा त्यामुळे मान्य करता येत नाही.

परंतु लबाडी ओळखणे वेगळे आणि तिच्यावर पैसा मिळविणे वेगळे. मागच्या आकड्यांवरील चाचणी हा भेद पुसून टाकते. ३१ मार्चचा ताळेबंद लोकांसमोर येतो मे महिन्याच्या सुमारास. चाचणीतला व्यापारी मात्र तो एप्रिलमध्येच वाचून मोकळा होतो. शंभर चाळण्या करून पाहिल्या, तर एखादी केवळ योगायोगाने सोन्याची ठरते. वर्गात दाखविली जाते ती तेवढीच, उरलेल्या नव्व्याण्णव दडविल्या जातात. मॅक्लीन आणि पाँटिफ या अभ्यासकांनी २०१६ साली अशा ९७ सूत्रांची तपासणी प्रसिद्ध केली. मूळ अभ्यासाच्या काळाबाहेर त्यांचा परतावा २६ टक्क्यांनी आणि सूत्र प्रसिद्ध झाल्यानंतर ५८ टक्क्यांनी घटलेला आढळला. विद्वानांच्या सूत्रांची ही गत, तर वर्गचालकांच्या सूत्रांची काय कथा?

भारतात अडचण आणखी मूलभूत आहे. सामान्य माणसाने रोखीच्या बाजारात शेअर उसना न घेता सकाळी विकला, तर त्याच दिवशी तो परत घ्यावा लागतो. उसने शेअर घेण्याची सोय २००८ पासून आहे, पण तिचा वापर तुटपुंजा. वायदे उपलब्ध आहेत ते सुमारे दोनशे मोठ्या कंपन्यांचे. चाळणीत सापडणाऱ्या डबघाईच्या लहान कंपन्या त्यांत अभावानेच. त्या शेअरला वरचे सर्किट लागले, तर परत घेऊ म्हटले तरी विकणारा मिळत नाही आणि लिलावाचा भुर्दंड माथी बसतो. म्हणजे चाचणीतील महिनाभराची विक्री बहुधा प्रत्यक्षात होऊच शकत नाही. शिवाय शंभर रुपयांच्या शेअरवर नफा फार तर शंभर, तोट्याला मात्र सीमा नाही. जानेवारी २०२१ मध्ये गेमस्टॉपचा भाव उसळला तेव्हा मेल्व्हिन कॅपिटल या बड्या फंडाने एका महिन्यात निम्म्याहून अधिक भांडवल गमावले.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये वायदे व ऑप्शनच्या एकूण व्यवहारांविषयी दिलेले आकडे या संदर्भात वाचावेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. २०२३-२४ मध्ये यांतील ४३ टक्के जण तिशीच्या आतले होते, आणि तीन-चतुर्थांशांहून अधिकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांखाली दाखविले होते. त्याच वर्षी परदेशी संस्थांच्या नफ्यापैकी ९७ टक्के नफा संगणकी व्यवहारांतून आला. एका बाजूला यंत्र आणि भांडवल, दुसऱ्या बाजूला कर्ज काढलेला तरुण! गिरणगावात मटक्याच्या जुन्या आकड्यांवरून उद्याचा आकडा काढणारे होतेच. तेव्हा त्या छंदास विज्ञान म्हणण्याचे धाडस मात्र कोणी केले नव्हते.

सप्टेंबर २०२२ मध्ये सेबीने स्वयंचलित व्यवहारांची सेवा देणाऱ्या दलालांना मागील वा भावी परताव्याची जाहिरात करण्यास मनाई केली. हाच दंडक शिकवणीवर्गांनाही लागू झाला पाहिजे. चाचणी दाखवावयाची असेल, तर दलाली, कर, उसनवारीचा खर्च आणि टाकून दिलेल्या चाळण्यांची संख्या यांसह दाखवा, अशी सक्ती हवी.

कार्यकर्त्यांनी मात्र चाळणी फेकून देऊ नये. ती कामगाराच्या हाती द्यावी. विक्री फुगते पण रोकड येत नाही, प्रवर्तकांचे शेअर गहाण पडतात, लेखापरीक्षक मुदतीआधी राजीनामा देतो, ही चिन्हे मंदीवाल्याइतकीच कामगारालाही मोलाची आहेत. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षण अहवालात भविष्यनिर्वाह निधीची देणी नियमित भरली जातात की नाही, हे नमूद करावे लागते. किती युनियन ते पान उघडून पाहतात? २०१८ साली आयएल अँड एफएस कोसळली, तेव्हा कित्येक भविष्यनिर्वाह निधींचा पैसा तिच्या रोख्यांत अडकला होता. मंदीवाला चुकला तर त्याचे भांडवल जाते. कारखाना बुडाला तर कामगाराची रोजी आणि म्हातारपणाची पुंजी दोन्ही जातात. ताळेबंद वाचण्याची खरी निकड त्यालाच आहे. तालुक्यातालुक्यांत वर्ग भरवावयाचेच असतील, तर ते या विद्येचे भरवावेत.