स्क्रू पिळण्याआधी

जुन्या डिझेल ट्रकचं आयडलिंग बिघडलं की इथे दोन सल्ले हमखास मिळतात. एक, आयडलचा स्क्रू थोडा पिळा. दोन, पंप बदला. माझ्या मते दोन्ही चूक. म्हणजे पहिल्या दिवशी तरी चूकच.

आमच्या शेजाऱ्याकडे १९९५ सालचा डॉज रॅम आहे. ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं, बारा व्हॉल्व्हवालं कमिन्स इंजिन. याच घराण्यातली इंजिनं जमशेदपूरला टाटा कमिन्समध्ये बनून आपल्याकडच्या टाटा ट्रकमध्ये बसली, त्यामुळे हा ट्रक मला पहिल्यापासून ओळखीचा वाटतो. तर हे इंजिन सिग्नलला उभं राहिलं की धाप लागल्यासारखं वर-खाली व्हायचं. गॅरेजमध्ये गेला तर यावरचा बॉशचा पंप पूर्ण मेकॅनिकल, स्कॅनरला सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नाहीच! मग निकाल आला, 'पंप गेला.' आणि खर्चाचा आकडा असा, की ट्रकच विकावा.

आता जरा विचार करा. डिझेल इंजिनाचं आयडलिंग सांभाळतो गव्हर्नर. फेरे कमी झाले की तो डिझेल वाढवतो, जास्त झाले की कमी करतो. डिझेलबरोबर हवेचे बुडबुडे आले तर ताकद पडते, गव्हर्नर डिझेल वाढवतो, तेवढ्यात बुडबुडा पुढे सरकतो आणि इंजिन भडकतं. मग पुन्हा उलट. म्हणजे गव्हर्नर त्याचं काम इमानदारीने करतोय! अशा वेळी स्क्रू पिळून फेरे वाढवणं म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटर झटकणं.

हवा शिरते ती बहुधा टाकी ते फीड पंप या ओढीच्या बाजूने. गंमत अशी, की इथे चालू इंजिनात डिझेल बाहेर गळत नाही, हवाच आत ओढली जाते. खाली जमीन कोरडी आणि माणूस निर्धास्त. सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागत असेल तर संशय पक्का. त्यातून अमेरिकेत १९९३ मध्ये आणि पुन्हा २००६ पासून डिझेलमधलं गंधक कमी केलं गेलं. या बदलत्या डिझेलने काही जुनी रबरी सीलं आकसून गळू लागली, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

तपासणी सोपी आहे. फीड पंपाला टाकीऐवजी नव्या नळीने थेट डिझेलच्या कॅनमधून ओढू द्यायचं. शेजाऱ्याचं इंजिन दोन मिनिटांत शांत झालं. टाकीजवळची रबरी नळी तडकली होती, वय झालं होतं तिचं.

कॅननेही फरक पडला नाही तर फिल्टर, फीड पंपाचा दाब आणि पंपाचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. इंजिन मिसिंग करत असेल तर आपल्याकडचे हायवेवरचे फिटर करतात तेच करायचं. आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करून कान द्यायचा. ज्या सिलिंडरला आवाज बदलत नाही, तो आळशी. मात्र डोळ्यांना चष्मा हवा आणि हात दूर. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं, आणि ते प्रकरण थेट हॉस्पिटलचं असतं.

एवढं सगळं ठीक निघालं, तर मग खुशाल पंप उतरवून टेस्ट बेंचवर पाठवा. स्क्रूला हात त्यानंतर.