शेवटच्या पानावरील युवती

वृत्तपत्रांतून अर्धवस्त्र युवतींची छायाचित्रे बव्हंशी नाहीशी झाली, याचे श्रेय वाचकांच्या सुधारलेल्या अभिरुचीला देण्याचा प्रघात आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला ते मान्य करणे जड जाते. कापसाचा भाव कोसळला म्हणजे लोकांनी वस्त्रे नेसणे सोडले, असे अनुमान अकोल्याच्या बाजारात कोणी काढीत नाही.

हा व्यवसाय उभा राहिला तो टंचाईवर. लंडनच्या 'द सन'ने 17 नोव्हेंबर 1970 रोजी तिसऱ्या पानावर अनावृत युवतीचे छायाचित्र प्रथम छापले, तेव्हा रूपर्ट मरडॉक यांनी ते पत्र घेऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. 1978 मध्ये त्याने खपात 'डेली मिरर'ला मागे टाकले. त्याला इतरही कारणे होती; परंतु ज्या धंद्यात अंकाची किंमत उत्पादनखर्च भरून काढीत नाही, उरलेला भार जाहिरातदार उचलतो आणि जाहिरातदार खप मोजतो, तिथे एका छायाचित्राइतके स्वस्त साधन दुसरे कोणते असणार?

आपल्याकडे रूसी करंजियांच्या 'ब्लिट्झ'ने हा मेळ अधिक विलक्षण रीतीने घातला. शेवटच्या पानावर ख्वाजा अहमद अब्बास यांचे समाजवादी विचारांचे सदर आणि त्याच पानावर तोकड्या वस्त्रांतील युवती! साप्ताहिक असल्याने 'ब्लिट्झ'ला दूरचा प्रवास परवडत असे. 1979 मध्ये निघालेल्या 'मिड-डे'चे 'मिड-डे मेट' हे सदर मात्र मुंबईचेच राहिले. दुपारचे पत्र बडनेऱ्याला पोहोचेपर्यंत शिळे व्हायचे. मराठी वाचकाची हौस तोवर 'आवाज'च्या दिवाळी अंकातील खिडक्या भागवीत होत्या.

या व्यवसायाला उजळ ठरविण्याचा माझा हेतू नाही. इंग्लंडमध्ये 2003 च्या कायद्याने वयोमर्यादा अठरावर नेईपर्यंत सोळा वर्षांच्या मुलींची अशी छायाचित्रे छापणे वैध होते, ही गोष्ट कोणत्याही सुसंस्कृत समाजाला लाज आणणारी आहे. तथापि त्या व्यवहाराला निदान पक्षकार होते. तरुणीला मोबदला मिळे, आणि अंकाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे छापलेली असत. आपल्या नागपूरच्या मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांच्या 1995 मधील बुटांच्या जाहिरातीवरून खटला झाला, तेव्हा कोणाला न्यायालयात उभे करायचे, याविषयी पोलिसांना संदेह नव्हता. निर्दोष सुटायला 2009 साल उजाडले, हा न्यायदानाच्या गतीचा निराळा विषय.

मग हे पान ओस का पडले? न्यायालयाने ते बंद केले नाही. वृत्तपत्रांतील अशा चित्रांवर निर्बंध मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये फेटाळली होती. 2012 मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या स्त्रियांच्या चळवळीचा दबाव खरा होता. पण 'द सन'ने 2015 मध्ये आणि 'डेली स्टार'ने 2019 मध्ये ही चित्रे थांबविली, तोवर त्यांतून मिळणारा लाभच आटला होता. जे फुकट आणि अमर्याद मिळते, त्यासाठी अंक कोण विकत घेणार? आपल्याकडे 2016 नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि उरलीसुरली टंचाईही संपली.

मागणी मात्र कायम आहे. ती आता मोबदला न देता, संमती न विचारता भागविली जाते. अमरावतीतील एखाद्या विद्यार्थिनीने स्नेहसंमेलनात काढलेल्या छायाचित्रातील चेहरा परक्या देहावर बसविण्यास काही मिनिटे पुरतात. नोव्हेंबर 2023 मध्ये रश्मिका मंदाना यांची अशी चित्रफीत पसरली. त्या नामवंत अभिनेत्री, म्हणून देशभर गदारोळ झाला आणि जानेवारी 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी आरोपीला पकडले. अकोल्याच्या मुलीसाठी तेवढी धावपळ होईल, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 79 समाजमाध्यमांच्या कंपन्यांना वापरकर्त्यांच्या मजकुराच्या दायित्वातून सशर्त मुक्त ठेवते. 2021 च्या नियमांनी तक्रार आल्यावर असे चित्र ठरावीक मुदतीत हटविण्याचे बंधन घातले; परंतु तोपर्यंत त्या चित्राशेजारच्या जाहिरातीचे उत्पन्न कंपनीच्या खात्यात जमा झालेले असते. ते उत्पन्न त्या मुलीला भरपाई म्हणून देण्याची तरतूद कलम 79 मध्येच घालता येईल. वृत्तपत्राच्या मालकाला खपाचा नफा आणि खटल्याची जोखीम एकत्रच पत्करावी लागत असे. या कंपन्यांना जोखमीतून सूट का, याचे उत्तर वऱ्हाडातील खासदारांनी संसदेत मागावे.